मॅकओएसवर स्वतःचा व्ह्यू रंगवताना या चुका टाळा

मिरकरवाड्यातील एका नौकामालकाच्या कार्यालयासाठी मी भरती-ओहोटीचा आलेख दाखवणारे मॅक अ‍ॅप लिहिले आहे. एके दिवशी त्या आलेखाची निळी पार्श्वभूमी शेजारच्या तिथीच्या रकान्यावर पसरली आणि ‘उधाण’ ही अक्षरे पार झाकून गेली. कोडची एक ओळही बदललेली नव्हती. अ‍ॅप फक्त मॅकओएस 14 च्या एसडीकेवर (अ‍ॅप बनवण्याच्या साधनसंचावर) पुन्हा बिल्ड केले होते. त्या एसडीकेपासून व्ह्यूचा, म्हणजे खिडकीतील चित्राच्या चौकटीचा, ‘क्लिप्सटूबाउंड्स’ हा चित्र हद्दीवर कापणारा गुणधर्म मुळातच बंद असतो, त्यामुळे ‘ड्रॉ’ या रंगवणाऱ्या फंक्शनला मिळणारा ‘डर्टीरेक्ट’, म्हणजे नव्याने रंगवायचा आयत, व्ह्यूच्या हद्दीबाहेरही जाऊ शकतो, आणि मी नेमका तोच आयत भरत होतो. पार्श्वभूमी नेहमी ‘बाउंड्स’नेच, म्हणजे व्ह्यूच्या स्वतःच्या आयतानेच, भरावी, कोणता भाग रंगवण्याचे टाळता येईल, एवढेच डर्टीरेक्टवरून ठरवावे. जुना कोड तपासायला सवड नसेल, तर तूर्त क्लिप्सटूबाउंड्स सुरू करावे.

दुसरी चूक अ‍ॅपकिटने (मॅक अ‍ॅपच्या खिडक्या-व्ह्यू पुरवणाऱ्या अ‍ॅपलच्या फ्रेमवर्कने) सांभाळलेल्या लेयरचा, म्हणजे व्ह्यूचे चित्र साठवणाऱ्या थराचा, रंग एकदाच बाहेरून देण्याची. ‘सीजीकलर’ हा त्या क्षणी गोठलेला रंग असल्याने डार्क मोड सुरू झाल्यावर तो बदलत नाही. ‘वाँट्सअपडेटलेयर’मधून होकार द्यावा आणि रंग ‘अपडेटलेयर’मध्ये द्यावा, मात्र त्यानंतर ‘ड्रॉ’ला बोलावणे येत नाही, हे विसरून मी एक अख्खी दुपार ब्रेकपॉइंटकडे (कोड थांबवण्याच्या खुणेकडे) बघत काढली आहे.

खिडकीचा आकार बदलताना वेग वाढावा म्हणून रीड्रॉ पॉलिसी (चित्र नव्याने कधी काढायचे याचा नियम) ‘ऑनसेटनीड्सडिस्प्ले’, म्हणजे सांगितल्यावरच, अशी केली, तर आधी साठवलेले चित्रच ताणले जाते. खिडकी उंच केली की भांगाची (सर्वांत कमी भरतीच्या दिवसांची) बुटकी लाट उधाणासारखी दिसू लागते, आणि दर्यावर्दी माणसाला हे दाखवणे बरे नव्हे. त्यासाठी ‘लेयरकंटेंट्सप्लेसमेंट’ (साठवलेले चित्र चौकटीत कसे बसवायचे ते) बदलावे आणि आकार स्थिरावल्यावर चित्र नव्याने मागवावे.

महिनाभराचा आलेख एकाच व्ह्यूत कोंबण्याआधी हिशेब करावा. दिवसाला 200 पॉइंट धरल्यास 31 दिवसांची रुंदी 6,200 आणि उंची 400 पॉइंट. रेटिना पडद्यावर एका पॉइंटचे 2×2 पिक्सेल होतात; प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरले, तर एवढ्या एका चित्रालाच जवळजवळ 40 एमबी लागतात. आठवड्याचे तुकडे पाडलेले बरे.

स्वतः जोडलेल्या उपलेयरचा ‘कंटेंट्सस्केल’ (एका पॉइंटला किती पिक्सेल, ते प्रमाण) आपणच सांभाळायचा असतो. बाहेरच्या मॉनिटरवरून खिडकी रेटिनावर ओढल्यावर अक्षरे धूसर दिसली, तर ‘व्ह्यूडिडचेंजबॅकिंगप्रॉपर्टीज’ या, अशा बदलानंतर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये तो नव्याने लिहावा.