इंजिनाचा जाम झालेला बोल्ट न तोडता कसा सोडवावा

घरच्या पार्किंगमध्ये गाडीचे काम करणाऱ्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे, नट जेवढा त्रास देतात, तेवढा इंजिनातला दुसरा भाग क्वचितच देतो. रोजचे तापणे आणि थंड होणे, पावसाळ्यात खालून उडणारे पाणी आणि गाडी कोकणात किंवा मुंबईत असेल तर हवेतला खारेपणा, या साऱ्यांचा मारा त्यांच्यावर होत असतो. पुढील पद्धत प्रामुख्याने याच नटांना समोर ठेवून सांगितली आहे. इंजिनाच्या बहुतेक इतर बोल्टांनाही ती लागू पडते. जिथे पडत नाही त्या जागा शेवटी वेगळ्या नोंदवल्या आहेत.

बोल्ट हलत नाही म्हणून थेट जोर वाढवण्याआधी तो का अडकला आहे याचा अंदाज घ्यावा, कारण उपाय त्यावरच ठरतो. लोखंडाला गंज चढला की तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि आट्यांमधली मोकळी फट भरून टाकतो; अशा वेळी तेल आणि ठोके उपयोगी पडतात. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागात, बसवलेला असेल आणि तिथे ओलावा पोहोचत असेल, तर दोन भिन्न धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेमुळे अ‍ॅल्युमिनिअम झिजून पांढरी भुकटी तयार होते आणि तीच आट्यांमध्ये घट्ट बसते. तिसरी शक्यता म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला, सुकून घट्ट होणारा लॉकिंग द्रव. निळ्या रंगाचा असेल तर साध्या पान्याने बोल्ट सुटतो, पण लाल रंगाचा द्रव सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय सहसा सैल होत नाही, आणि त्यावर कितीही तेल मारले तरी ते वाया जाते. याशिवाय मागच्या वेळी कोणीतरी एअर गनने बोल्ट गरजेपेक्षा फार घट्ट केला असण्याची शक्यता असतेच, आणि आपल्याकडे ती अजिबात दुर्मीळ नाही.

कामाला इंजिन थंड असताना सुरुवात करावी, बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी आणि डोळ्यांवर गॉगल चढवावा, कारण गंजाचे कण नेमके वर पाहणाऱ्याच्याच डोळ्यात पडतात. गाडीखाली जाऊन जोर लावायचा असेल तर ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. सपाट जमिनीवर, जॅक स्टँडवर टेकवून, चाकांना ओट लावूनच खाली जावे. त्यानंतर तारेच्या ब्रशने बोल्टाचे डोके आणि नटाबाहेर आलेले आटे स्वच्छ करावेत. हे बाहेरचे आटे बरेच जण तसेच सोडतात. वास्तविक नट सुटताना याच आट्यांवरून पुढे सरकणार असतो, आणि तिथला गंज तसाच राहिला तर सैल झालेला नट दोन फेऱ्यांत पुन्हा जाम होतो. ब्लॉकच्या आरपार गेलेल्या बोल्टाचे पलीकडे निघालेले टोकही याच कारणासाठी साफ करावे लागते.

पान्याची निवड हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा आहे. फिक्स पाना बोल्टाच्या दोनच बाजूंना धरतो, म्हणून जाम बोल्टावर तो पहिल्यांदा कधीच लावू नये. सहा कोनी गोटी, म्हणजे डोक्यावर पूर्ण बसणारा सॉकेट, घ्यावी. बारा कोनी गोटी लावायला सोपी असली तरी ती कोपऱ्यांवर जोर टाकते आणि गंजून बारीक झालेले डोके गोल करते. गोटीचे मापही खात्रीने तपासावा. सुझुकी, टोयोटा, होंडा यांसारख्या जपानी घडणीच्या गाड्यांत ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाला बहुधा १२ चे डोके असते, तर युरोपीय वळणाच्या गाड्यांत त्याच बोल्टाला १३ चे असते. १० मिलिमीटरच्या बोल्टासाठी हाच फरक १४ आणि १६ किंवा १७ असा होतो. गोटी डोक्यावर पूर्ण खाली बसेपर्यंत हातोडीने हलकेच ठोकावी. एक्स्टेन्शन, म्हणजे गोटी आणि मुठीमधला जोडदांडा, शक्यतो लहान ठेवावे, कारण लांब दांडा पिळवटतो आणि हाताला बोल्टाची खरी हालचाल कळेनाशी होते.

आता तेल. डब्ल्यूडी-४० हे नाव घराघरांत पोहोचले असले तरी ते द्रावण १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले होते. गंजलेल्या आट्यांत शिरण्यासाठी वेगळे पेनिट्रेटिंग तेल मिळते आणि तेच घेणे बरे. डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची गॅरेजमधली जुनी सवय अगदीच निरुपयोगी नाही, मात्र एक्झॉस्टजवळ ती वापरण्यात शहाणपण नाही. तेलाला फटीतून आत झिरपायला वेळ लागतो, म्हणून फवारून लगेच पाना लावण्यात अर्थ नसतो. आदल्या संध्याकाळी एकदा, रात्री एकदा आणि सकाळी काम सुरू करताना पुन्हा एकदा तेल सोडावे, आणि प्रत्येक वेळी बोल्टाच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीचे सात-आठ मध्यम ठोके द्यावेत. त्या हादऱ्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास मात्र फवारा जपून मारावा, कारण त्याच्या जोडणीत तेल शिरले तर सेन्सर बिघडू शकतो.

एवढी तयारी झाल्यावर पाना लावावा, आणि आधी बोल्ट किंचित घट्ट करण्याच्या दिशेने ढकलावा. हे उलटे वाटते, पण गंजाचा बंध कोणत्याही दिशेने तुटला तरी काम होते. मग सोडवण्याच्या दिशेने, म्हणजे डोक्याकडे पाहताना घड्याळाच्या काट्याच्या उलट, जोर द्यावा. गाडीखाली आडवे पडून उलट्या बाजूने हात घातला की ही दिशा भल्याभल्यांना चकवते, म्हणून ती बोटाने हवेत फिरवून पाहण्यात कमीपणा नाही. पाना ढकलण्यापेक्षा स्वतःकडे ओढावा. तो निसटला तर ढकलणाऱ्याची बोटे सरळ रेडिएटरच्या पत्र्यावर आदळतात.

या टप्प्यावर हाताला काय जाणवते याकडे लक्ष देणे हीच खरी कारागिरी आहे. जाम बोल्ट नीट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो आणि पाना थोडासा झेपावतो. हा आवाज बोल्ट तुटल्याचा आहे असे वाटून नवखा माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा तो शुभ असतो. याउलट पाना हळूहळू, मऊपणे, ओल्या चिकणमातीत फिरावा तसा फिरत असेल आणि जोर सोडल्यावर थोडा मागे येत असेल, तर बोल्ट फिरत नसून त्याचा दांडा पिळवटतो आहे. अशा वेळी तत्काळ थांबावे. खात्री करायची असेल तर डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवावी, म्हणजे डोके किती फिरले आणि जोर काढल्यावर किती मागे आले हे डोळ्यांना दिसते. किती जोर धोक्याचा हे आकड्यांत पाहिले तर भीती योग्य ठिकाणी बसते: ३० सेंटीमीटर लांबीच्या टॉमीवर (गोटी फिरवण्याच्या दांड्यावर) २० किलो वजनाएवढा जोर दिला तर सुमारे ६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, तयार होतो, तर ८.८ या मजबुतीच्या वर्गाचा ६ मिलिमीटरचा बोल्ट मुळात १० न्यूटन-मीटरच्या आसपासच घट्ट केलेला असतो. टॉमीत लोखंडी पाइप अडकवून तरफ लांब करण्याची युक्ती चाकाच्या नटांसाठी ठीक आहे. इंजिनाच्या लहान बोल्टांवर ती करू नये.

बोल्ट पाव फेरी सुटला की त्याला एका दमात बाहेर काढण्याचा मोह आवरावा. पाव फेरी सोडवावा, त्याच्या निम्मा परत घट्ट करावा, तेल सोडावे आणि पुन्हा पुढे जावे. मागे-पुढे केल्याने गंजाचा चुरा आट्यांमधून बाहेर पडतो, नाहीतर तो दाटून बोल्ट मध्येच अडकतो. बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच असेल तर तो कमी वेगावर वापरावा. त्याचे तुटक धक्के सलग जोरापेक्षा गंजावर अधिक परिणाम करतात. मात्र त्याला काळ्या रंगाच्या इम्पॅक्ट गोट्याच लावाव्यात, कारण चकचकीत क्रोमच्या साध्या गोट्या धक्क्यांनी तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात.

तेल आणि ठोके दोन्ही हरले तर उष्णतेकडे वळावे. नट स्टडवर, म्हणजे डोके नसलेल्या आणि एक टोक इंजिनात बसवलेल्या बोल्टावर, जाम असेल तर नट तापवावा, म्हणजे तो प्रसरण पावून स्टडपासून किंचित सुटा होतो. पोलादी स्टड अ‍ॅल्युमिनिअममध्ये अडकला असेल तर भोवतालचे अ‍ॅल्युमिनिअम तापवावे, कारण ते तेवढ्याच तापमानाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. घरी यासाठी हॉट एअर गन वापरावी. अ‍ॅल्युमिनिअम वितळेपर्यंत लाल होत नाही, त्यामुळे ज्योतीच्या टॉर्चने ते किती तापले हे डोळ्यांना कळत नाही आणि हेडचा कोपरा पाहता पाहता खाली येतो. तापवण्याआधी आधीचे तेल पुसून काढावे, जवळच्या रबरी नळ्या आणि वायर ओल्या कापडाने झाकाव्यात आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत किंवा पेट्रोलच्या नळीजवळ उघडी ज्योत कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये. ब्रेक क्लिनर फवारलेल्या जागीही आगीला मज्जाव असावा. त्यातील क्लोरीनयुक्त द्रावक तापले तर अत्यंत विषारी वायू तयार होतो. गरम बोल्टाच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते, आणि ते तेलापेक्षा सुरक्षितही असते.

डोके गोल झाले असेल तर एक माप लहान असलेली सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवावी, किंवा आतून उलट्या दातांची खास एक्स्ट्रॅक्टर गोटी घ्यावी. डोके बाहेर मोकळे असेल तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लॉकिंग पक्कड लावता येते. तरीही न जमल्यास वेल्डरकडून डोक्यावर नवा नट वेल्ड करून घ्यावा. त्यात पकड आणि उष्णता दोन्ही एकदम मिळतात.

बोल्ट तुटलाच, तर घाईने छिद्र पाडू नये. तुटलेला भाग थोडा बाहेर असेल तर पक्कड पुरते. आत असेल तर पृष्ठभाग सपाट करून बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारावा आणि उलट्या फिरणाऱ्या डाव्या ड्रिलने लहान छिद्र पाडावे. अनेकदा ड्रिल करतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. ठोकून बसवायचा कठीण पोलादाचा एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर साधे ड्रिल त्यात शिरत नाही आणि काम लेथवाल्याकडे न्यावे लागते, म्हणून त्यावर फार जोर देऊ नये. आटे खराब झाले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून मूळ मापाचा बोल्ट पुन्हा वापरता येतो.

काही जागी मात्र घरगुती धाडस नकोच. डिझेल इंजिनाचे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग) बारीक असतात आणि तुटले तर हेड उतरवावे लागते. अ‍ॅल्युमिनिअम हेडमधील स्पार्क प्लग इंजिन पूर्ण थंड असतानाच, भोवतालची धूळ हवेने उडवून, मागे-पुढे करत काढावेत. हेडचे बोल्ट नेहमी टप्प्याटप्प्याने, कडेकडून मध्याकडे सोडवायचे असतात. क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील पट्ट्याच्या चाकाचा, बोल्ट स्टार्टरच्या झटक्याने सोडवण्याची जी युक्ती काही जण सांगतात, ती हात मोडण्याची युक्ती आहे. त्यासाठी पुली धरून ठेवणारे अवजारच हवे.

जोडताना गंजलेले नट परत वापरू नयेत. स्टडचे आटे डाय (आटे पाडण्याचे अवजार) फिरवून साफ करावेत, मॅनिफोल्डवर शक्य असेल तर तांब्याचा मुलामा दिलेले नवे नट घ्यावेत आणि आट्यांना उष्णता सोसणारे अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, पातळ लावावे. वंगण लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कने बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर तो थोडा कमी धरावा. टॉर्क रेंच फक्त घट्ट करण्यासाठी वापरावा, सोडवण्यासाठी कधीही नाही. इंजिन एकदा पूर्ण तापून पुन्हा थंड झाले की मॅनिफोल्डचे नट त्याच टॉर्कवर परत एकदा तपासावेत.