घाम धरून न ठेवणारी ब्रा घरी कशी शिवावी

'सुती घाला, सुती घाम शोषून घेतं' असं सांगणाऱ्यांना मी आता सरळ विचारते, शोषलेला घाम पुढे जातो कुठे? कापसाचा धागा फुगतो आणि पाणी स्वतःच्या पोटात धरून बसतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता ठेवलेला कापूससुद्धा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा ओढून घेतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. मे महिन्यात डोंबिवलीत सकाळी आठला घातलेली सुती ब्रा अकराला चिंब होते आणि संध्याकाळपर्यंत तशीच अंगाला चिकटून राहते. छातीखालची कातडी लाल होते, चरचरते, कधी बुरशीही धरते. मग बायका त्यावर पावडर थापतात. ती घामात भिजून घडीत तिचे गोळे होतात आणि कातडी आणखी घासते. पावडर नको.

कोरडं राहायचं तर घाम कातडीवरून उचलला जायला हवा, कापडाच्या बाहेरच्या अंगावर पसरायला हवा आणि तिथून उडून जायला हवा. यातलं एक जरी अडलं तरी बाकीची मेहनत वाया जाते. होजिअरी कापड तुम्हाला शिवता येतं, झिगझॅग मारणारं मशीन आणि ११ नंबरची बॉलपॉइंट सुई घरात आहे, स्वतःच्या मापाचा कप असलेला पॅटर्न कागदावर उतरवलेला आहे, असं धरून पुढचं लिहिते.

पाणी ओढणारं पॉलिएस्टरचं कापड घेताना 'ड्रायफिट', म्हणजे घाम लवकर सुकवणारं, या शिक्क्यावर विश्वास ठेवू नका. चांगल्या कापडात आतल्या बाजूचा धागा जाडसर असतो आणि बाहेरचा बारीक. धाग्यांमधली फट जितकी अरुंद तितकं पाणी जोरात ओढलं जातं, दिव्याची वात तेल वर ओढते तसं. म्हणून घाम आतून बाहेर जातो. हेच कापड उलटं शिवलंत तर तो कातडीकडेच थांबेल. दुकानदार चकचकीत बाजू वर धरून दाखवतो, पण कुठली बाजू अंगाला लावायची हे पाण्यालाच विचारा. अर्ध्या मीटरचा तुकडा आणा, न धुता काहीही तपासू नका, कारण नव्या कापडावरची खळ आणि रसायनं खोटं बोलतात. धुवून वाळवा, वाटीच्या काठावर ताणून धरा आणि एका बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच आत शिरला पाहिजे आणि तुकडा उलटल्यावर मागचा ओला डाग पुढच्यापेक्षा मोठा दिसला पाहिजे. मग दुसऱ्या बाजूवर तेच करा. ज्या बाजूवर टाकलेला थेंब मागे मोठा होऊन निघतो, ती बाजू अंगाला. तिच्यावर खडूनं फुली मारून ठेवा.

थेंब मण्यासारखा वरच बसून राहिला तर ते कापड परत करा. पाच धुण्यांनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्या. वरून लावलेला पाणीओढा लेप असेल तर तो धुण्यागणिक उतरत जातो.

कापणी नेहमीसारखीच, जास्त ताण आडवा येईल अशी.

आता छातीखालची घडी. माझ्या तीन ब्रा याच जागी फुकट गेल्या, म्हणून इथे सावकाश वाचा.

आमच्या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रात एक मावशी सहा तास तव्यापुढे उभ्या असतात. त्यांच्यासाठी मी उल्हासनगरहून चांगलं पाणीओढं कापड आणलं आणि छाती दाबून सपाट धरणारी, खेळाडू घालतात तशी ब्रा शिवली. आठवड्यानं मावशींनी ती न धुता आणली, उलटी करून माझ्यासमोर धरली. गडद निळ्या कापडावर घडीच्या दोन बोटं खाली मिठाची पांढरी रेघ उमटली होती, चंद्रकोरीसारखी. वर कापड स्वच्छ, खाली रेघ. मी कापडाला दोष दिला. दुसरं कापड आणलं, तिसरं आणलं. रेघ तिथेच.

चूक कापडाची नव्हतीच. दाबणाऱ्या ब्रात छातीचा खालचा भाग पोटाकडच्या कातडीवर टेकतो. कातडीला कातडी लागलेली, मध्ये कापड नाहीच, मग घाम उचलणार कोण? तो घडीत साचतो, ओघळतो आणि खाली जिथे कापड लागतं तिथे जाऊन सुकतो. मिठाची रेघ तेच सांगत होती. भरलेली छाती असेल तर दाबणाऱ्या ब्रानं घाम सुटत नाही, कितीही महाग कापड लावा. दोन वेगळे कप हवेत आणि कप व छातीखालची पट्टी जोडणारी शिवण बरोबर घडीच्या मुळात बसायला हवी, म्हणजे कातडी आणि कातडी यांच्यात कापड शिरतं.

ती शिवण कुठे बसते हे नजरेनं कळत नाही. ब्रा काढून ताठ उभ्या राहा, तळहातानं छाती उचला आणि घडीच्या मुळावर आयब्रो पेन्सिलनं रेघ ओढा, मधल्या हाडापासून काखेपर्यंत. कच्ची शिवलेली ब्रा घाला. शिवण त्या रेघेवर आहे का? मग तुम्ही दिवसभर जशा असता तशा व्हा. मावशींना मी स्टुलावर पोळपाट ठेवून वाकायला लावलं आणि शिवण एक बोट खाली घसरली. कप उथळ होता, छाती त्याला पुढे ढकलत होती आणि पट्टी अंगापासून सुटत होती. अशा वेळी बाया पट्टा ओढून घट्ट करतात. त्यानं खांदे दुखतात, शिवण जागेवर येत नाही. कपाच्या खालच्या भागातल्या उभ्या शिवणीला दोन्ही तुकड्यांवर फुगवट्याशी अर्धा अर्धा सेंटिमीटर वाढवा. मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकली आणि वाकूनही शिवण रेघेवर राहिली की मगच पक्की शिलाई. मला चौथ्या कच्च्या ब्रात हे जमलं.

शिवणीची मार्जिन बाहेर काढा, आत नको. आत ओव्हरलॉकचा कंगोरा राहिला तर ओल्या कातडीवर तो किसणीसारखा चालतो. १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे पुरुष खेळाडूंचे लंगोटासारखे आतले कपडे, जोडून पहिली धावायची ब्रा बनवली, तेव्हाही अंगाला काही घासू नये ही त्यांची मागणी होतीच. मार्जिन बाहेर पडू द्या, तीन मिलिमीटरवर छाटा, वरून झिगझॅगनं बसवा.

त्याच जागी दुसरा अडथळा इलॅस्टिकचा. ते आतून लावलंत तर घडीतून खाली आलेल्या घामापुढे धरणाची भिंत उभी राहते, कारण इलॅस्टिक पाणी पुढे ओढत नाही. अंगाकडचं कापड घडीपासून खालच्या काठापर्यंत अखंड ठेवा, काठाशी बाहेर दुमडा आणि त्या दुमडीत इलॅस्टिक घाला. छातीखालचं माप ८० सेंटिमीटर असेल तर मी कापडाची पट्टी ७६ ठेवते आणि इलॅस्टिक ६९ ते ७०, अडीच सेंटिमीटर रुंद. अरुंद इलॅस्टिक कातडीत रुततं.

फोम घालू नका. स्पंजातून वाफ नीट सुटत नाही आणि भिजलेला स्पंज रात्रभर वाळत नाही. झाकलेपणा हवा असेल तर त्याच कापडाचा दुसरा थर घ्या, दोन्ही थर कडेनं धावदोऱ्यानं एकत्र धरून मगच शिवा. दोघांमध्ये पोकळी राहिली तर पाणी ती ओलांडत नाही, आतल्या थरातच थांबतं. जाळीचं कापड पाठीवर, खांद्यांच्या मध्ये लावा, तिथे वारा लागतो. घडीत जाळी लावू नका, भोकांतून कातडी पुन्हा कातडीला भेटते.

पट्टे आणि हूक नेहमीसारखे.

पहिली ब्रा काळ्या किंवा गडद निळ्या कापडाची शिवा. पूर्ण एक कामाचा दिवस घाला, न धुता सावलीत वाळवा आणि उजेडात उलटीसुलटी करून पाहा. मीठ बाहेरच्या बाजूला, पसरट, ढगासारखं दिसलं तर घाम बाहेर येऊन उडाला. आतल्या बाजूला बारीक ठळक रेघ दिसली तर त्याच रेघेवर घाम अडतो आहे, तिथली शिवण उसवा. पावसाळ्यात आमच्याकडे हवाच ओली असते, तेव्हा घाम उडायला वेळ लागतो. त्या दिवसांत वरून घट्ट सिंथेटिक ब्लाउज किंवा कुर्ता घालू नका, नाहीतर बाहेर आलेल्या घामाला जागाच उरत नाही.

धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही वापरू नका. ते धाग्यांवर थर चढवतं आणि कापडाची पाणी ओढायची ताकद जाते. चुकून घातलंच असेल तर कोमट पाण्यात साध्या डिटर्जंटनं दोनतीनदा धुवा आणि पुन्हा थेंब टाकून पाहा. पॉलिएस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं, वास त्यातूनच येतो, म्हणून ब्रा त्याच संध्याकाळी धुवायची, सकाळपर्यंत बादलीत ठेवायची नाही. इस्त्री करू नका. मावशींच्या दोन ब्रा आलटून पालटून चालतात, रोज रात्री मोरीत धुवून पंख्याखाली टाकल्या की पहाटे पाचला घालण्याजोग्या कोरड्या असतात.