जिंकून परतणाऱ्या शेजाऱ्यांचं नागपूर स्टेशनवर स्वागत कसं करावं

छत्तीसगडच्या मुली बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या की मी दोन फोन करतो. एक त्यांच्या मॅनेजरला, दुसरा पोहेवाल्याला. ‘तुमचं काय जाते भाऊ त्याच्यात?’ असं नागपुरातल्या शिवाजीनगरच्या बास्केटबॉल कोर्टावर कोणीतरी विचारतंच. 1956 पर्यंत दुर्ग-भिलाई आणि आपण एकाच प्रांतात होतो, राजधानी नागपूरच होती, एवढं सांगून मी गप्प बसतो. खरं कारण वेगळं आहे. प्रशिक्षक राजेश पटेल सरांनी भिलाईत घडवलेल्या पोरींचा खेळ ज्यानं पाहिला, तो राज्याची हद्द विचारत नाही. सर 2018 मध्ये गेले. आमचं स्टेशनवर जाणं सुरूच आहे.

स्पर्धा पंजाबात असो की मुंबईत, भिलाईकडे परतणारी गाडी बहुतेक वेळा नागपूरवरूनच जाते. हार आणि बॅनर तुम्हाला जमतं, ते सोडून देतो. फटाके आणि ढोल नाही, स्टेशन आहे ते. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोनच तास चालतं. गाडी रखडलेली असेल तर तिकिटाची घाई करू नका.

खरी गोम डब्यात आहे. ‘इंजिनाकडून चौथा डबा’ असं तुम्हाला कोणीही सांगेल, आणि तिथंच तुम्ही फसाल.

मुंबईकडून येणाऱ्या गीतांजली, हावडा मेल वर्ध्याच्या बाजूनं शिरतात आणि सरळ कामठीकडे निघतात. इंजिन पुढं ते पुढंच राहतं. दिल्लीकडच्या गाड्यांचं तसं नाही. अमृतसरहून येणारी छत्तीसगड एक्स्प्रेस किंवा गोंडवाना इटारसीच्या लाइननं उत्तरेकडून येते. हावड्याची लाइनही स्टेशनच्या उत्तरेलाच फुटते. म्हणजे गाडी आली त्याच तोंडानं परत निघणार. त्यासाठी इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, आणि इंजिनाजवळचा डबा शेपटाला जातो. दुर्गला घ्यायला येणारे ‘इंजिनाकडून चौथा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हे दुसरं इंजिन असतं. तुमच्यासमोर मात्र गाडी पहिलं इंजिन घेऊन उभी राहते.

मी हे शिकलो ते तर्रीनं, म्हणजे पोह्यांवरच्या झणझणीत रश्श्यानं, बाह्या भिजवून. तीस पाकिटं पोहे आणि तर्रीच्या बांधलेल्या पिशव्या घेऊन आम्ही चौघं चौथ्या डब्यासमोर उभे होतो. गाडी थांबली, समोर जनरलचा डबा. पोरी पार दुसऱ्या टोकाला. पळालो. कुलींच्या गाड्या, चहावाले, पाय पसरून बसलेली अख्खी लग्नाची वऱ्हाडं ओलांडत पळालो. एक पिशवी फुटली आणि तर्री कोपरापर्यंत ओघळली. पोचलो तेव्हा नवं इंजिन लागून शिट्टी झाली होती. त्यात डबा थर्ड एसी, खिडक्या उघडत नाहीत. एका पोरीनं ट्रॉफी आतून काचेला टेकवून दाखवली, मी बाहेरून हार दाखवला. झालं स्वागत. निम्मी पाकिटं दारातून गेली, निम्मी आम्ही घरी नेऊन खाल्ली.

तेव्हापासून मी इंजिन हा शब्द ऐकूनच घेत नाही. मॅनेजरकडून डब्याचा नंबर घ्या, एस चार की बी दोन. सगळ्यांचं आरक्षण एका डब्यात असेल असं धरून चालू नका, मॅनेजर कुठं आहे ते विचारा. मग प्लॅटफॉर्मवरच्या कुलीला तो नंबर सांगा. मोबाइलवरचा डब्यांचा क्रम नागपूरच्या आधीचा की नंतरचा, याचा घोळ होतो. कुलीचा होत नाही. तरी दोघांना दोन टोकांना उभं करा, सामान घेऊन तुम्ही मधल्या पुलाखाली थांबा. चुकलात तरी अर्धीच गाडी पळावी लागेल. आणि दिल्लीकडची गाडी असेल तर घाबरू नका, इंजिन बदलेपर्यंत ती थांबते. मुंबईकडच्या गाड्या एवढी सवड देत नाहीत.

खायला पोहे कोरडेच न्या. तर्रीशिवाय पोहे म्हणजे काय, हे मलाही कळतं, पण ऐका. सोबत संत्रा बर्फी. सह्या घ्यायच्या असतील तर सहा नंबरचा चेंडू न्या, मुली त्यानंच खेळतात; सात नंबरचा दिलात तर हसतील. हार लांब गुंफून घ्या. पूनम चतुर्वेदी सहा फूट अकरा इंच, तीही याच राज्याकडून खेळली. अशा पोरींना हार घालायला टाचा उंचावून भागत नाही, सरळ हातात द्या.

गाडी रात्री दोनची असेल तर कोणाला उठवू नका. पिशव्या मॅनेजरच्या हाती द्या आणि घरी या. लिंबू टाकायला विसरलात तर पहाटे राजनांदगावच्या आसपास फोन येतो.