दाखल्याची खालची ओळ: वॉर्डातले टीबी आणि फुप्फुसविकारांचे मृत्यू कसे मोजायचे

मृत्यूच्या कारणाचा दाखला रुग्णालयातला असेल तर नमुना ४, घरच्या मृत्यूचा असेल तर ४-अ. भाग १ मध्ये मृत्यूपर्यंत नेणारी कारणं लिहिलेली असतात; त्यातल्या ओळी वरून खाली वाचायच्या आणि मोजायची सर्वांत खालची भरलेली ओळ, कारण मूळ कारण तिथे असतं. समजा, (अ) श्वसनक्रिया निकामी, (ब) न्यूमोनिया, (क) फुप्फुसाचा टीबी आणि भाग २ मध्ये, म्हणजे सोबतच्या इतर आजारांत, मधुमेह. हा मृत्यू टीबीचा. घाईत वरच्या दोनच ओळी टाइप झाल्या की तो न्यूमोनियात जातो. म्हणून सगळ्या ओळी जशाच्या तशा उतरवा, आजाराचा कोड नंतर लावा.

नुसतं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ हे कारणच नव्हे. मरताना हृदय सगळ्यांचंच थांबतं. असे दाखले बाजूला काढून केसपेपर हाताशी आहे तोवर डॉक्टरांना विचारा.

टीबीसाठी आयसीडी-१० (आजारांच्या कोडची जागतिक यादी) मधले ए१५ ते ए१९ सगळे घेतात. पण एचआयव्हीसोबतचा टीबी बी२०.० मध्ये जातो, सिलिकोसिससोबतचा (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार) जे६५ मध्ये. ते वेगळे मोजून शेजारी लिहा. सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार) जे४४, दमा जे४५. पावसाळ्यात जे८०, म्हणजे एआरडीएस (फुप्फुसं अचानक निकामी होणं), एकेक करून तपासा: लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस) फुप्फुसात रक्तस्राव होतो, दाखला एआरडीएसवर निघतो आणि लेप्टोचा रिपोर्ट मागाहून येतो.

सगळ्यात मोठी गफलत पत्त्याची. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदला जातो. मुंबईतलं केईएम रुग्णालय आणि शिवडीचं टीबी रुग्णालय, दोन्ही महापालिकेच्या एफ साउथ वॉर्डात. गोवंडीचा रुग्ण शिवडीत गेला की आकडा एफ साउथचा फुगतो, गोवंडीच्या एम ईस्ट वॉर्डाचा घटतो. राहत्या वॉर्डाचा रकाना वेगळा ठेवा. आधारवर पत्ता बहुधा गावचा असतो. ‘मुंबईत कुठे राहायचे?’ असं नातेवाइकांना सरळ विचारा.

महिना लावायचा मृत्यूच्या तारखेवरून, नोंदणीच्या नव्हे. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असल्यामुळे नुकताच सरलेला महिना नेहमी कमी दिसतो.

निक्षयचा (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) आकडा यात मिळवू नका. तिथे उपचार चालू असताना कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू धरतात, अगदी अपघातसुद्धा. नाव, वय, तारीख लावून याद्या जुळवा. दाखल्यावर टीबी आहे पण निक्षयमध्ये नाव नाही, अशांची यादी त्याच आठवड्यात वॉर्डाच्या टीबी पथकाला द्या. त्या घरातल्या कुणाचीच तपासणी झालेली नसण्याची शक्यता जास्त.