स्कॅनर घेण्याआधी आणि घेतल्यावर

"पोलिसांचं वायरलेस बोलणं ऐकायला कोणता रेडिओ स्कॅनर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्याकडचे पोलीस बोलतात कशावर? ते कळल्याशिवाय पैसे घालवू नका. त्याच्याही आधी कायदा बघा. अमेरिकेत उघडं प्रसारण ऐकायला सहसा आडकाठी नसते, तरी काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत. ब्रिटनमध्ये स्कॅनर बाळगता येतो, पण त्यावर पोलिसांचं बोलणं ऐकणं गुन्हा आहे. भारतातही परवानगीवाचून ते बेकायदेशीरच. बंदी असेल तर पोलिसांचा नाद सोडा आणि हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, गप्पा ऐका. पुढची बरीचशी हातोटी तिथेही चालते.

बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद केलेलं, असेल तर विषय संपला. विकणारा काहीही सांगो, बाजारातला कुठलाही स्कॅनर ते उलगडत नाही. उघडं असेल तर अॅनालॉग की डिजिटल, हे बघा. डिजिटल असेल तर पी-२५, टेट्रा, डीएमआर या पद्धतींपैकी नेमकं काय, ते विचारूनच घ्या. सगळ्यांना एकच संच पुरत नाही.

खरी गोची ट्रंकिंगची. यात कुणालाच कायमची फ्रिक्वेन्सी नसते. बटण दाबलं की यंत्रणा त्या क्षणी मोकळी असलेली देते. साध्या स्कॅनरवर मग प्रश्न एकीकडे ऐकू येतो आणि उत्तर भलतीकडे निघून जातं. एखाद्या फ्रिक्वेन्सीवर न थांबणारी, किरकिरी घरघर लागली तर तो बहुधा कंट्रोल चॅनल, म्हणजे कोणी कुठे बोलायचं हे सांगणारा. ट्रंकिंगवाल्या स्कॅनरला तोच भरवायचा, म्हणजे तो टॉकग्रुपच्या, म्हणजे आपसात बोलणाऱ्या गटाच्या, मागोमाग उड्या मारतो. साध्या संचात मात्र घरघरीवर लॉकआउट (ती फ्रिक्वेन्सी वगळण्याचं बटण) दाबा, नाहीतर स्कॅनर तिथेच अडकून बसेल.

संचापेक्षा अँटेना महत्त्वाची, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. सोबत येणारी आखूड रबरी कांडी सगळीकडे चालते आणि कुठेच धड चालत नाही. ७५ला फ्रिक्वेन्सीच्या मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने भागा, पाव तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १५५ मेगाहर्ट्झला साधारण ४८ सेंटिमीटर, ४६० ला १६. तेवढी उभी दांडी खिडकीशी, जमेल तितकी उंच लावा. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे लांब ठेवा, ते खरखर ओततात.

आता स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबणारी सोय. बटण पूर्ण उघडा, खरखर भरून येईल. मग हळूहळू फिरवा. आवाज तुटला की केसभर पुढे, बस. लोक शांतता हवी म्हणून ते टोकाला नेतात आणि दूरची गाडी कधी ऐकूच येत नाही. डिले, म्हणजे बोलणं थांबल्यावर त्याच चॅनलवर थांबण्याचा वेळ, दोन सेकंदांचा ठेवा, म्हणजे उत्तर येईपर्यंत स्कॅनर दुसरीकडे पळत नाही. सुरुवातीला शंभर चॅनल भरू नका, नियंत्रण कक्षाचा एक आणि जवळच्या भागाचा एक पुरे.

पहिले काही दिवस काही कळणार नाही. बोलणं तुटक असतं, पहिलं अक्षर बरेचदा गिळलेलं असतं. हे दुखणं जुनं आहे: अमेरिकेत १९३७ च्या सुमारास टेन-कोड, म्हणजे 'टेन' आणि एक आकडा असे पोलिसांचे संकेत, तयार झाले, तेव्हाच्या संचांना बटण दाबल्यावर पूर्ण जोर धरायला क्षणभर लागायचा. म्हणून आधी 'टेन' म्हणायचं. ते गिळलं गेलं तरी पुढचा आकडा वाचायचा.

शेजारी वही ठेवा. वेळ, चॅनल, कोणी कोणाला हाक मारली, एवढंच टिपा. हाकेची नावं आधी ओळखीची होतात, संकेतांचे अर्थ संदर्भाने मागून येतात. ऐकलेलं इकडेतिकडे पाठवू नका आणि घटनास्थळी तर मुळीच धावू नका. सुरुवात करायला पाळी बदलण्याची वेळ धरा. गाड्या एकेक करून हजेरी देतात, बोलणं ठरावीक साच्याचं असतं, आणि निम्मी वही त्या अर्ध्या तासातच भरते.