पे-पर-व्ह्यू बॉक्सिंगचा हिशेब मांडताना या चुका टाळा

पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे एकेका लढतीसाठी वेगळे पैसे भरून ती घरी पाहण्याच्या सोयीवर, मोठी बॉक्सिंग लढत झाली की दुसऱ्याच दिवशी ‘एका रात्रीत अमुक कोटींची कमाई’ असे मथळे झळकू लागतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मागे एकच घाईचा गुणाकार असतो. मी न्यू जर्सीत लहान व्यावसायिकांचे, विशेषतः उपाहारगृहांचे, हिशेब पाहतो. बॉक्सिंगमधील पैशाचा अभ्यास मी आवडीने आणि बराच काळ करत आलो आहे. त्यामुळे क्रीडाविषयक लिहिणारे तरुण, व्हिडिओ करणारे आणि कधीकधी या धंद्यात चार पैसे गुंतवू पाहणारे लोकही आपले आकडे मला दाखवतात. त्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका येथे मांडत आहे.

खरेदी गुणिले किंमत म्हणजे बॉक्सरची कमाई, असे समजणे

ही सर्व चुकांची जननी आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहितो. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव यांची लढत झाली. अमेरिकेत ती सुमारे ४६ लाख वेळा विकत घेतली गेली. साध्या चित्रासाठी ८९.९५ डॉलर आणि एचडीसाठी ९९.९५ डॉलर अशी किंमत होती, आणि प्रेक्षकांनी भरलेली एकूण रक्कम ४० कोटी डॉलरच्या वर गेली. दोघांमध्ये ६०:४० असे वाटप ठरले होते, ही बातमीही सर्वत्र आली होती. उतावळा लेखक या ४० कोटींचे ६० टक्के काढतो, मेवेदरच्या नावापुढे २४ कोटी लिहितो आणि मोकळा होतो. परंतु ४० कोटी ही प्रेक्षकांच्या खिशातून गेलेली रक्कम आहे. ती बॉक्सरपर्यंत पोहोचण्याआधी अनेक हातांतून जाते, आणि शेवटच्या हातात इतरही मार्गांनी पैसा येत असतो.

पहिला हात केबल आणि उपग्रह सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचा. ग्राहकाचे बिल त्यांच्याकडे असते, वसुली त्याच करतात, आणि त्याबद्दल पारंपरिक व्यवहारात साधारण अर्धी रक्कम त्यांच्याकडे राहते. फार मोठ्या लढतींत प्रवर्तक, म्हणजे लढत भरवणारे, घासाघीस करून हा वाटा खाली आणतात; सामान्य लढतीच्या प्रवर्तकाकडे तेवढे बळ नसते. दुसरा हात चित्रीकरण व प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीचा. २०१५ मध्ये तर अशा दोन वाहिन्या होत्या, कारण मेवेदर शोटाइमशी आणि पॅकियाव एचबीओशी करारबद्ध होता आणि दोघींना एकत्र आणल्याशिवाय लढत होणेच शक्य नव्हते. त्यानंतर प्रवर्तक येतो. मुख्य लढतीआधी होणाऱ्या पूर्वलढतींतील बॉक्सरांचे मानधन, जाहिरात, प्रवास, निवास आणि विमा हे सारे तो भागवतो, आणि मग मुख्य लढतीतील दोघांचा विचार होतो.

कल्पित आकडे घेऊन हे पाहू. लढत ८० डॉलरला ५ लाख घरांनी घेतली, तर ढोबळ रक्कम ४ कोटी डॉलर होते. वितरकांचा अर्धा भाग गेल्यावर २ कोटी उरतात. वाहिनीने त्यातील दहा टक्के घेतले, तर १ कोटी ८० लाख. खर्च ५० लाख धरला तर १ कोटी ३० लाख. दोन्ही बॉक्सरांना मिळून १ कोटीची हमी, म्हणजे विक्री कितीही झाली तरी द्यायची रक्कम, कबूल केलेली असेल, तर शिल्लक ३० लाख. आता हीच लढत ३ लाख घरांनीच घेतली असे समजू. ढोबळ रक्कम २ कोटी ४० लाख, वितरकांनंतर १ कोटी २० लाख, वाहिनीनंतर १ कोटी ८ लाख, आणि खर्च मात्र तोच, म्हणून हातात ५८ लाख. हमी १ कोटीची असल्याने तोटा ४२ लाखांचा. खरेदी चाळीस टक्क्यांनी घटली एवढेच, पण ३० लाखांच्या नफ्याची जागा ४२ लाखांच्या तोट्याने घेतली. प्रेक्षागाराची तिकिटे, परदेशी प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजक यांनी हा खड्डा भरला तर भरला. हमी हा या धंद्यातील सर्वांत जोखमीचा शब्द आहे, आणि तो न समजता गुंतवणुकीच्या गप्पा मारणाऱ्यांना मी सरळ थांबायला सांगतो.

बॉक्सरच्या हाती आलेली रक्कमही पूर्णपणे त्याची नसते. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या नियमांनुसार व्यवस्थापकाला एक तृतीयांशापर्यंत हिस्सा घेता येतो, प्रशिक्षकाला साधारण दहा टक्के देण्याचा प्रघात आहे, जागतिक विजेतेपद पणाला लागले असेल तर मान्यता देणाऱ्या संघटनेचे शुल्क असते, आणि शेवटी प्राप्तिकर असतो. अमेरिकेत लढणाऱ्या परदेशी बॉक्सरच्या मानधनातून सामान्यतः ३० टक्के कर आधीच कापून घेतला जातो.

माझी सवय अशी की कागदावर उभी रेघ ओढायची, डावीकडे ‘कोणी घेतले’ आणि उजवीकडे ‘काय उरले’ लिहीत जायचे, आणि वितरक, वाहिनी, प्रवर्तकाचा खर्च व हमी या चार ओळी पूर्ण झाल्याशिवाय बॉक्सरचे नाव लिहायचे नाही. याला वेळ लागतो, पण तो द्यावाच लागतो.

आयोगाने जाहीर केलेले मानधन हीच एकूण कमाई मानणे

ही वरच्या चुकीची उलट बाजू आहे. २०१७ मध्ये मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांच्या लढतीपूर्वी नेवाडाच्या क्रीडा आयोगाने मेवेदरचे १० कोटी डॉलर आणि मॅकग्रेगरचे ३ कोटी डॉलर असे मानधन जाहीर केले. हे आकडे आयोगाकडे दाखल झालेल्या करारातील हमीचे होते. पे-पर-व्ह्यूच्या उत्पन्नातील वाढीव वाटा वेगळ्या करारात असतो, आणि तो आयोगाच्या तक्त्यात दिसत नाही. म्हणून जाहीर मानधनाला ‘किमान’ म्हणावे. ‘एवढेच मिळाले’ असे लिहिणे चूक आहे.

पहिल्या आठवड्याचा आकडा अंतिम धरणे

खरेदीचे आकडे शेकडो वितरकांकडून हळूहळू येतात, आणि ते प्रसिद्ध करण्याचे बंधन कोणावरही नाही. मेवेदर-पॅकियाव लढतीचा पहिला अधिकृत आकडा ४४ लाख होता, आणि तो पुढे ४६ लाखांवर गेला. मेवेदर-मॅकग्रेगरच्या बाबतीत नेमके उलटे झाले. लढतीनंतर ६० लाखांच्या पुढचे आकडे फिरत होते, आणि डिसेंबरमध्ये शोटाइमने उत्तर अमेरिकेचा आकडा ४३ लाख असा जाहीर केला. एचबीओने २०१८ च्या अखेरीस आणि शोटाइमने २०२३ च्या अखेरीस बॉक्सिंग सोडल्यापासून स्थिती अधिक कठीण झाली आहे, कारण इंटरनेटवरून लढती दाखवणाऱ्या प्रवाहसेवा आपली विक्री सहसा उघड करत नाहीत. प्रवर्तकाने स्वतःहून सांगितलेला आकडा मी ‘प्रवर्तकाच्या म्हणण्यानुसार’ या शब्दांशिवाय कधीच लिहीत नाही, आणि पहिल्या आठवड्यात शक्यतो आकडा लिहीतच नाही.

घरची जोडणी उपाहारगृहात लावणे

ही चूक लेखकांची नसून व्यावसायिकांची आहे, पण हिची किंमत सर्वांत जास्त आहे. माझ्याकडे हिशेबासाठी येणाऱ्या एका मराठी उपाहारगृहचालकाने एका मोठ्या लढतीच्या रात्री घरचा उपग्रह सेवेचा खोका दुकानात आणून लावला. घरगुती दराने, म्हणजे शंभर डॉलरच्या आसपास भरून, त्यांनी लढत रीतसर विकत घेतली होती. प्रवेशशुल्क ठेवले नव्हते, आलेले निम्मे लोक ओळखीचेच होते, आणि जेवणाचे दरही नेहमीचेच होते. आपण पैसे भरले आहेत, तेव्हा यात चोरी कसली, असे त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत होते. त्या रात्री एक गृहस्थ एकटे येऊन बसले, त्यांनी एक पेय मागवले, पडदे किती आहेत आणि माणसे किती आहेत हे पाहिले आणि निघून गेले. लढतीचे व्यावसायिक हक्क घेतलेल्या कंपनीचे ते तपासनीस होते. कित्येक महिन्यांनी संघराज्याच्या न्यायालयातील दाव्याची नोटीस आली, आणि तीत दुकानाबरोबर मालकाचे व्यक्तिगत नावही प्रतिवादी म्हणून होते.

पे-पर-व्ह्यूच्या अर्थकारणात घरगुती विक्री आणि व्यावसायिक विक्री हे दोन स्वतंत्र माल आहेत. उपाहारगृहे, मद्यालये आणि सभागृहे यांत लढत दाखवण्याचे हक्क बहुधा वेगळ्या कंपनीला विकले जातात. ती कंपनी अग्निशमन विभागाने ठरवलेल्या आसनक्षमतेप्रमाणे परवान्याचे शुल्क आकारते, आणि मोठ्या लढतीला ते काही हजार डॉलरपर्यंत सहज जाते. प्रवेशशुल्क घेतले की नाही, यावर परवान्याची गरज ठरत नाही. अमेरिकेच्या संचार कायद्याच्या ६०५व्या कलमाखाली एका उल्लंघनासाठी १ हजार ते १० हजार डॉलर भरपाई ठरू शकते, आणि व्यापारी लाभासाठी जाणूनबुजून केले असे न्यायालयाला वाटले, तर आणखी १ लाखापर्यंत वाढ होऊ शकते. आमच्या गृहस्थांनी वकिलामार्फत तडजोड केली. तिच्यासाठी आणि वकिलासाठी मिळून गेलेली रक्कम परवान्याच्या शुल्काच्या कितीतरी पट होती, आणि त्या रात्रीची विक्री त्यापुढे नगण्य होती.

यावर माझा उपाय साधा आहे. लढतीच्या महिनाभर आधी व्यावसायिक हक्क कोणाकडे आहेत याची चौकशी करावी, लेखी दर मागवावा, आणि दर भागिले सरासरी प्रतिमाणशी नफा असे करून किती जादा माणसे यावी लागतील ते काढावे. तेवढी माणसे दुकानात मावत नसतील, तर त्या रात्री क्रिकेटचे जुने सामने लावून नेहमीचे जेवण वाढावे. ‘सगळेच असे करतात’ हे वाक्य माझ्यासमोर कोणी म्हटले, तर मी त्यांना ही नोटीस कशी दिसते ते दाखवतो.

काही चुका थोडक्यात

दशलक्षाचे रूपांतर करताना शून्य चुकवू नये: ४.६ दशलक्ष म्हणजे ४६ लाख, ४.६ कोटी नव्हे.

केवळ खरेदीची संख्या पाहून दोन लढतींची तुलना करू नये. २००७ मध्ये मेवेदर आणि ऑस्कर दे ला होया यांची लढत ५४.९५ डॉलरला सुमारे २४ लाख वेळा विकली गेली आणि ढोबळ उत्पन्न १३ कोटी डॉलरच्या वर गेले. २०१५ मध्ये खरेदी दुपटीहूनही कमी वाढली होती, उत्पन्न मात्र जवळजवळ तिप्पट झाले. फरक किमतीने पाडला होता.

पे-पर-व्ह्यूची खरेदी आणि नेटफ्लिक्सचे प्रेक्षक एकाच तक्त्यात मांडू नयेत. नोव्हेंबर २०२४ मधील जेक पॉल आणि माइक टायसन यांची लढत ६ कोटी घरांत पाहिली गेली असे नेटफ्लिक्सने सांगितले, पण त्यांपैकी कोणीही त्या लढतीसाठी वेगळा पैसा भरला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवरच झालेल्या कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांच्या लढतीलाही हेच लागू आहे.

सौदी अरेबियात किंवा सौदी पैशावर झालेल्या लढतीचा नफा-तोटा खरेदीवरून काढू नये. तेथे यजमान मोठी रक्कम आधीच मोजतो, त्यामुळे विक्री पडली तरी बॉक्सरचे मानधन सुरक्षित राहते, आणि वर दाखवलेले हमीचे गणित यजमानाच्या माथी जाते.

प्रेक्षकांसाठी: लढत शेवटच्या पंधरा मिनिटांत विकत घेऊ नये. २६ ऑगस्ट २०१७ च्या रात्री, मेवेदर-मॅकग्रेगर लढतीच्या वेळी, ऐनवेळी गर्दी लोटल्याने प्रवाहसेवा कोलमडल्या आणि मुख्य लढतच उशिरा सुरू करावी लागली. दुपारीच पैसे भरावेत, प्राथमिक लढत लावून चित्र येते का ते पाहावे. आणि लढत कंटाळवाणी झाली म्हणून परतावा मिळेल, अशी आशा बाळगू नये. २०१५ च्या लढतीआधी पॅकियावने खांद्याची दुखापत लपवली असा आरोप करत प्रेक्षकांनी केलेले दावे अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये निकाली काढले, कारण पैसे लढत पाहण्याचे होते आणि लढत त्यांना पाहायला मिळाली होती.

पे-पर-व्ह्यू संपले, अशी घोषणा करणे

दर काही वर्षांनी ही घोषणा होते. २०१८ मध्ये डॅझोन ही प्रवाहसेवा अमेरिकेत आली तेव्हा मासिक वर्गणीत सर्व लढती मिळतील, असा तिच्या प्रचाराचा गाभा होता. त्याच वर्षी तिने कॅनेलोशी ११ लढतींसाठी ३६.५ कोटी डॉलरचा करार केला. पण एवढी हमी भागवायची तर त्यासाठी अफाट संख्येने वर्गणीदार टिकून राहावे लागतात, आणि बॉक्सिंगचा प्रेक्षक लढतीपुरता येतो आणि जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅनेलो आणि गेन्नाडी गोलोव्हकिन यांची तिसरी लढत याच सेवेने पे-पर-व्ह्यूवर विकली, वर्गणीदारांना ६४.९९ डॉलरला आणि इतरांना ८४.९९ डॉलरला. म्हणून भाकिते करण्याआधी कराराची हमी किती आणि ती कोणी दिली आहे, एवढे तरी पाहावे.

ते पाहायचे कोठे, असे मला नेहमी विचारले जाते. अमेरिकेत २००० साली झालेल्या मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायद्यानुसार प्रवर्तकाला आपले उत्पन्न बॉक्सरला सांगावे लागते, पण जनतेला सांगावे लागत नाही. त्यामुळे खरे करार बहुधा भांडण झाल्यावरच उजेडात येतात. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनेलोने डॅझोन आणि आपल्या प्रवर्तकावर दावा लावला, तेव्हा करारातील ज्या गोष्टी दोन वर्षे तर्काने लिहिल्या जात होत्या, त्या दाव्याच्या कागदांतून वाचायला मिळाल्या. असे कागद लांबलचक असतात आणि कंटाळवाणेही वाटतात. मी ते छापून घेतो, ‘हमी’, ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ या शब्दांना तीन वेगळ्या रंगांनी खुणा करतो आणि मगच गुणाकाराला हात घालतो.