नाइट करून आलाय? गाडीला किक मारायच्या आधी या चुका टाळा

‘आम्हीपण सोसलंय’ म्हणणारे सीनियर डॉक्टर हॉस्पिटलच्या प्रत्येक युनिटमध्ये भेटतात. त्यांचं ऐकून पहिल्या वर्षाची रेसिडेंट पोरं जागरणालाच काम समजायला लागतात. जागरण अंगाला सोसेल हो, पण सलाइनमध्ये पोटॅशियम किती घालायचं हा हिशोब थकलेल्या डोक्याला सोसत नाही. बोस्टनमध्ये आयसीयूतल्या इंटर्नवर (शिकाऊ डॉक्टरांवर) झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या ड्यूट्यांच्या तुलनेत चोवीस तासांहून लांब ड्यूट्यांमध्ये गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वॉर्डबाहेर होते. ड्यूटी सुटली की बॅग पाठीला लावायची आणि बाइकवरून थेट गडहिंग्लज नाहीतर चंदगड गाठायचं. सलग सतरा तास जागं राहिलं की हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के. म्हणजे थेंबही न घेता तुम्ही मर्यादेपलीकडे, आणि पोलिसाच्या मशिनमध्ये काहीच दिसणार नाही. २००५ मध्ये अमेरिकन इंटर्नच्या पाहणीत लांब ड्यूटीनंतर अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. आधी हॉस्टेलवर झोप काढा, मग निघा. घाईच असेल तर एसटी आहे.

पहाटेचा चहा दुसरी फसगत. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सकाळी पडल्यावर झोप लागत नाही. आणि नाइटनंतर कटासकट मिसळ हाणून तसंच आडवं होऊ नका, हे कोल्हापुरात कुणाला पटणार नाही, पण मग ॲसिडिटीची गोळी रोजची होते.

आता ओव्हर देण्याबद्दल, म्हणजे ड्यूटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हवाली करण्याबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण तास कमी करणं तुमच्या हातात नाही, हे आहे. शिवाय तास कमी झाले की पेशंट जास्त हातांतून जातो, त्यामुळे नुसत्या छोट्या ड्यूट्यांनी सगळं सुधारत नाही. ‘नऊ नंबर बेड, ताप आहे, बघून घे’ म्हणून सुटणं म्हणजे ओव्हर नाही. असं सांगा: ‘नऊ नंबर, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप उतरलाय पण पोट दुखतंय. सहाला सीबीसी (रक्ततपासणी) पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढला किंवा नाडी बारीक लागली तर माझी वाट बघू नको, लेक्चररना उठव.’ ताप उतरला की नातेवाईक घरी न्यायची घाई करतात आणि डेंग्यूत धोका नेमका तेव्हाच असतो. ओव्हर घेणाऱ्याने हे सगळं परत म्हणून दाखवायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ओव्हरची अशी ठरीव पद्धत लावल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास २०१४ चा.

रोस्टरचा (ड्यूटीच्या वेळापत्रकाचा) फोटो मोबाइलमध्ये ठेवत नाही, हीसुद्धा चूकच. पीजी करणाऱ्या रेसिडेंटना आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० पगारी किरकोळ रजा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आहेत. आयोगाच्याच कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तक्रार करायची वेळ आली तर तोंडी हिशोब कुणी ऐकत नाही.

शेवटची चूक म्हणजे स्वतःचं औषध स्वतःच लिहिणं. झोप येत नाही म्हणून मित्राच्या सहीवर अल्प्राझोलमची झोपेची गोळी, पुढे त्याशिवाय डोळाच लागत नाही. त्याच कार्यगटाच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पीजीच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं स्वतः सांगितलं, तेव्हा असा त्रास होणारे तुम्ही एकटे नाही. कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल तर सांगली-मिरजेला दाखवा. रात्रीच बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही.